आमचे हुजूर दप्तर

बँकेत मी बावीस वर्षे कागद सांभाळतो आहे. व्हाउचरला दाभण घालून शिवण्यापासून संगणकापर्यंत सगळे झाले. पण घरातला एक कागद वेळेवर सापडेल तर शपथ! परवा शाळेने चिरंजीवांच्या जन्मदाखल्याची झेरॉक्स मागितली. माळ्यावर चढलो तेव्हा हाती लागले ते असे : बटाट्याच्या ठशांचे चित्र, गॅदरिंगमधला पुठ्ठ्याचा मुकुट, कन्येची पहिलीपासूनची प्रगतिपुस्तके, चिरंजीवांचा हिरव्या रंगातला पंजा आणि काडेपेटीत ठेवलेला एक दुधाचा दात. जन्मदाखला तेवढा नव्हता.

खाली सौ. रद्दीवाल्याशी भाव करत होती. मी वरूनच ओरडलो, "थांब! हा इतिहास आहे!"

आता मी पडलो कॉमर्सचा माणूस. इतिहासाशी आमचा संबंध जुन्या थकबाकीपुरता. तरी त्या दिवसापासून मी दप्तर या विषयाच्या मागेच लागलो. पहिला शोध असा, की 'दप्तर' हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला आणि त्याचे मूळ कातडे या अर्थाच्या ग्रीक शब्दात आहे. पोरे पाठीवर वाहतात तेही दप्तर, आणि पेशव्यांनी पुण्यात सांभाळले तेही दप्तरच. 'फाईल'चे मूळ तर साधा दोरा. म्हणजे आमचा किराणावाला उधारीच्या चिठ्ठ्या तारेला टोचतो, ती मूळची शास्त्रशुद्ध फाईल.

पेशव्यांचे कागद रुमालात बांधलेले असत. रुमाल म्हणजे नाक पुसायचा नव्हे, कागदांचे गाठोडे बांधायचे चांगले मोठे कापड. हुजूर दप्तरात चालते दप्तर वेगळे, एकबेरीज दप्तर वेगळे. चालते दप्तर फडणिसांच्या नजरेखाली असे. पुढे दुसऱ्या बाजीरावाच्या काळात शिस्त ढिली झाली. 1818 साली पेशवाई बुडाल्यावर दप्तराची व्यवस्था मॅक्लिऑड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याकडे आली. त्याने नोंदवले आहे, की या काळात दप्तराकडे दुर्लक्ष झाले आणि लोकांना कागद घेऊन जायचीही मोकळीक होती. हे वाचून मला धीर आला. आमच्या घरी सध्या दुसऱ्या बाजीरावाचीच कारकीर्द चालू आहे.

मग मी फडणीस झालो. अकरा फायली आणल्या, रंगीत चिठ्ठ्या डकवल्या. 'चालते दप्तर' म्हणजे चालू वर्षाचे कागद, 'सरंजाम' म्हणजे बक्षिसे, 'पत्रव्यवहार' म्हणजे बाईंनी डायरीत लिहिलेल्या तक्रारी. या शेवटच्या फाईलला दुसऱ्याच आठवड्यात पुरवणी फाईल लागली.

सौ.ने शांतपणे विचारले, "ते तुमचे सरदेसाई, त्यांनी किती खंड काढले?"

"रियासतकारांनी 1930 ते 1934 मध्ये पेशवे दप्तरातून निवडून 45 खंड छापले."

"अख्ख्या पेशवाईचे पंचेचाळीस. आणि तिसरीतल्या पोराचे अकरा!"

यावर मी राजवाड्यांचा दाखला काढला. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून जुन्या घरांतले कागद गोळा करत. त्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड 1898 साली निघाला. "कोणी तरी रद्दी टाकली नाही, म्हणून इतिहास उरला," मी म्हणालो. "आणि कोणी तरी निवडली, म्हणून वाचता आला," ती म्हणाली. बाई बी.ए. आहे, विषय इतिहास.

आमच्या बीडकडे तर जुन्या कागदाची किंमत वेगळी सांगायला नको. 1948 च्या सप्टेंबरपर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर उर्दू अक्षर आणि जन्मसाल 1340 फसली. त्यात 590 मिळवले म्हणजे आजोबा 1930 च्या आसपासचे होतात. नाही तर वाचणाऱ्याला वाटावे, गृहस्थ मुहम्मद तुघलकाच्या वर्गात होते! 2023 साली कुणबी नोंदी तपासायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा मराठवाड्यात घरोघरी पत्र्याच्या ट्रंका उघडल्या. उर्दू वाचणारा आणि मोडी वाचणारा यांना जावयासारखा मान मिळू लागला. शाळेच्या रजिस्टरातली एक ओळ, पण तिच्यावर नातवाची फी ठरायची.

माझी स्वतःची ओळ म्हणजे 1 जून. आई म्हणते, मी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा. पण नाव घालायला नेले तेव्हा तारीख कोणाला आठवेना, म्हणून गुरुजींनी शाळेच्या सोयीची लावून दिली. आमच्या पेन्शनरांत 1 जूनवाले इतके, की त्या दिवशी शाखेत पेढे वाटायचे तर कर्ज काढावे लागेल. 1 तारखेचा सरकारी नोकर आदल्याच दिवशी निवृत्त होतो. म्हणून 31 मेला जिल्ह्यात हारांचा तुटवडा.

गेल्या दसऱ्याच्या सुमारास काउंटरवर ऊसतोडीला निघालेली एक बाई आली. मुलीच्या शिष्यवृत्तीसाठी खाते काढायचे होते. मी सवयीने कागदांची यादी म्हणायला लागलो, तर तिने खताच्या गोणीच्या आतल्या प्लास्टिकची एक घडी उलगडली. आत मुलीचा जन्मदाखला, बोनाफाईड, आधार, रेशनकार्ड, प्रत्येक इयत्तेचे प्रगतिपुस्तक. वाचता येत नव्हते, पण घडीवरून कागद ओळखत होती. मी मागावा आणि तिने द्यावा. एकदाही चूक नाही.

"ताई, हे सगळं कारखान्यावर संगं नेता?"

"मंग? सहा म्हैने घराला कुलूप. उंदरानं खाल्लं तर पोरीला साळंत कोण घील?"

शेवटी घडीतून एक चित्र निघाले. बैलगाडी, तिच्यावर ऊस आणि उसावर बसलेली फ्रॉकमधली मुलगी. मी म्हणालो, "हे नाही लागत."

"ठावं हाय," असे म्हणत तिने ते हातातून घेतले आणि सगळ्यांत आत घालून ठेवले.

घरी आल्यावर अकरा फायली सोडल्या. सौ. आणि मी रात्री एकपर्यंत निवड करत बसलो. आता दर मुलामागे एक पिशवी. जन्मदाखला आजोबांच्या ट्रंकेत सापडला, फसलीच्या शेजारी. मुकुट रद्दीत द्यायचा असे दोघांच्या संमतीने ठरले होते. सकाळी पाहतो तर तो पिशवीत बसत नाही म्हणून सौ.ने दुमडून घातलेला.

काडेपेटीविषयी मी काही विचारले नाही. तीही मला विचारू नये म्हणून माझ्या बँकेच्या ड्रॉवरमध्ये आहे.