कागदाने कापलेलं बोट

लिनक्सचा इतिहास बहुतेक वेळा वीरकथेसारखा सांगितला जातो. 1983 मध्ये रिचर्ड स्टॉलमनने ग्नू प्रकल्प जाहीर केला, 1991 मध्ये हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने कर्नल लिहिला, आणि कुणीही वापरावी, बदलावी, वाटावी अशी मुक्त ऑपरेटिंग सिस्टीम जगाला मिळाली. मला मात्र त्यानंतरची, कमी गाजलेली गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. ही सिस्टीम घरातल्या साध्या माणसाला वापरता यावी म्हणून काय काय करावं लागलं, त्याची गोष्ट.

सुरुवातीला जे ती लिहीत होते, तेच ती वापरत होते. आज्ञा टाइप करून कामं करून घेण्यात त्यांना काहीच अवघड वाटत नसे. 1996 मध्ये मात्थियास एट्रिच या जर्मन विद्यार्थ्याने आपल्या मैत्रिणीच्या संगणकावर हे सगळं बसवून पाहिलं. प्रत्येक प्रोग्रॅमचं रूप वेगळं, वागणं वेगळं. त्यातून त्याने केडीई सुरू केलं : साध्या वापरणाऱ्यासाठी एकसारखा दिसणारा डेस्कटॉप. पण त्याचा पाया असलेली क्यूटी ही लायब्ररी तेव्हा पूर्ण मुक्त नव्हती. म्हणून 1997 मध्ये मिगेल दे इकाझा आणि फेडेरिको मेना यांनी ग्नोम उभं केलं. सोय हवी, पण स्वातंत्र्य गहाण टाकून नको, हा त्यांचा आग्रह होता.

पुढचं पाऊल मला सगळ्यात धाडसी वाटतं. 2001 मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने काही माणसांना ग्नोमसमोर बसवलं, नेहमीची कामं करायला दिली आणि ती कुठे अडतात ते टिपलं. पुढच्या वर्षी आलेल्या ग्नोम 2 मधून ढीगभर सेटिंग्ज गायब झाली. जुने वापरकर्ते भडकले. त्यांच्या दृष्टीने प्रत्येक बटण म्हणजे हक्क होता, तर नवख्याला तीच बटणं चक्रव्यूहासारखी वाटत होती.

2004 मध्ये मार्क शटलवर्थच्या पुढाकाराने उबुंटू आलं. मागणाऱ्याला त्याची सीडी पोस्टाने घरपोच यायची, टपालखर्चासकट फुकट. इंटरनेटचा वेग रडतखडत असलेल्या काळात ही केवढी मोठी गोष्ट होती! 2009 मध्ये उबुंटूने ‘शंभर पेपरकट्स’ नावाची मोहीम काढली. कागदाने बोट कापलं तर कुणी दवाखान्यात जात नाही, पण दिवसभर चुरचुरत राहतं. तशाच बारीक त्रुटी शोधायच्या : चुकीच्या जागचं बटण, न समजणारा संदेश. दुरुस्ती एका दिवसात होण्यासारखी हवी. असल्या कामाला टाळ्या पडत नाहीत, पण सिस्टीम आपलीशी वाटते ती त्यामुळेच.

उबुंटूच्या त्रुटींच्या यादीत पहिल्या क्रमांकाची त्रुटी शटलवर्थने स्वतः नोंदवली होती : बाजारात मायक्रोसॉफ्टचं बहुमत आहे. 2013 मध्ये त्यानेच ती ‘मिटली’ असं जाहीर केलं. कारण डेस्कटॉप जिंकला हे नव्हे, तर फोन आणि टॅब्लेटमुळे एकूण चित्रच पालटलं होतं. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सचाच कर्नल आहे.

तुमचा फोन अँड्रॉइड असेल तर सेटिंग्जमध्ये ‘फोनबद्दल’ उघडून कर्नलची आवृत्ती शोधा. ती तिथे कुठेतरी असेल. आता त्याच फोनवरची सिस्टीम काढून आपल्या पसंतीची घालायचा विचार करा. बऱ्याच फोनवर ते दार कंपनीने कुलूपबंद केलेलं असतं. मैत्रिणीला सहज वापरता यावं हे एट्रिचचं स्वप्न तुमच्या हातात आहे. ग्नोमवाल्यांचा आग्रह मात्र त्या कुलपापाशी अडून बसला आहे.