अशोकाचे शिलालेख आणि आपल्या मुलांची भाषा



विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त दोन शब्द लिहितो. आज वस्तीत घरोघरी एकच घोर आहे, पोराला मराठी शाळेत घालायचं की इंग्लिश मिडियमला? या प्रश्नाकडे जरा इतिहासाच्या नजरेने पाहू.

सम्राट अशोकाचे राज्य इ.स.पूर्व तिसऱ्या शतकात कंदाहारपासून कर्नाटकापर्यंत पसरले होते. आपल्या जवळच्या नालासोपाऱ्याला १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींना त्याच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. तो प्राकृत भाषेत, ब्राह्मी लिपीत आहे. आज पाकिस्तानात असलेल्या शाहबाजगढीला मात्र खरोष्ठी लिपी आहे, ती उजवीकडून डावीकडे वाचतात. आणि अफगाणिस्तानात कंदाहारला १९५८ साली जो लेख सापडला तो ग्रीक आणि अरामाईक अशा दोन भाषांत आहे! त्यात धम्मासाठी 'युसेबिया' हा ग्रीकांच्या ओळखीचा शब्द घातला आहे.

एवढा मोठा राजा, पण 'आधी माझी भाषा शिका, मग धम्म सांगतो' असे तो म्हणाला नाही. लोकांच्या भाषेत तो स्वतः गेला. हे कुणाच्या जोरावर? दोन-दोन भाषा जाणणाऱ्या माणसांच्या. त्यांची नावे इतिहासाने ठेवली नाहीत, पण त्यांच्यावाचून तो दगड मुकाच राहिला असता.

भाषेचे दार बंद केले की ज्ञानाचे दार बंद होते, हे बाबासाहेबांनी सोसले. अस्पृश्य म्हणून शाळेत संस्कृत मिळाले नाही, फारसी घ्यावी लागली. पुढे ते संस्कृत शिकले, पालीचा शब्दकोश तयार केला. तो १९९८ साली शासनाने त्यांच्या ग्रंथमालेच्या सोळाव्या खंडात छापला. आपल्या माणसांना जागे करायला १९२० साली त्यांनी 'मूकनायक' मराठीत काढला, आणि जगापुढे बाजू मांडायला इंग्रजी वापरले. एका भाषेसाठी दुसरी टाकली नाही.

गिरणीत आमच्या साचेखात्यातले तेलुगू विणकर मराठी बोलत, आम्ही हिंदी बोलत असू. त्यात कुणाची आईची भाषा बुडाली नाही.

तेव्हा पालकांनो, इंग्रजी शिकवाच, ते पोटाचे साधन आहे. पण पोर घरची बोली बोलले म्हणून त्याला दटावू नका. त्याची समज त्याच भाषेत उगवते, बाकीच्या भाषा तिच्याच आधाराने वाढतात. २०२४ साली मराठीबरोबर पालीलाही अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. पण दर्जा कागदावर राहून काय उपयोग? आपली पोरं विहारात त्रिशरण-पंचशील पालीत तोंडपाठ म्हणतात. त्यातल्या एकेका शब्दाचा अर्थ त्यांना मराठीत सांगू या. सुरुवात तिथूनच होईल.

नमो बुद्धाय, जय भीम!