दोन आडनावांचा देश

शाळेच्या पटावर नव्या मुलाचे नाव चढवताना गुरुजी काय विचारतात? मुलाचे नाव, बापाचे नाव आणि आडनाव. तीन शब्द लिहिले की काम झाले. आता घटकाभर अशी कल्पना करा की आपण दक्षिण स्पेनमध्ये, ग्रानादा शहराजवळच्या फुएंते वाकेरोस नावाच्या खेड्यात पट उघडून बसला आहात. काळ विसाव्या शतकाच्या आरंभीचा. एका बागायतदाराचा मुलगा समोर उभा आहे. त्याचे नाव फेदेरिको. बापाचे नावही फेदेरिकोच, पुरे नाव फेदेरिको गार्सिया रोद्रीगेझ. आईचे नाव विसेंता लोर्का रोमेरो, आणि ही बाई लग्नाआधी याच गावच्या शाळेत शिक्षिका होती. सांगा पाहू, मुलाचे आडनाव काय लिहाल?

तिथल्या गुरुजींना क्षणभरही अडायला होत नाही. बापाच्या दोन आडनावांतले पहिले घ्यायचे, आईच्या दोन आडनावांतले पहिले घ्यायचे आणि एकापुढे एक मांडायचे. मुलगा झाला फेदेरिको गार्सिया लोर्का. हाच पुढे स्पेनचा मोठा कवी आणि नाटककार झाला, आणि 1936 साली यादवी युद्ध पेटले तेव्हा फ्रँकोच्या पक्षाच्या लोकांनी त्याला ग्रानादाजवळ गोळ्या घालून ठार केले.

श्रोतेहो, या पद्धतीतली दुसरी गोष्ट आपल्याकडच्या आयाबहिणींना अधिक नवलाची वाटेल. स्पेनमध्ये लग्न झाले म्हणून बाईचे नाव बदलत नाही. विसेंताबाई माहेरी लोर्का रोमेरो होत्या, सासरी आल्या तरी लोर्का रोमेरो, मुलाबाळांच्या आई झाल्या तरी लोर्का रोमेरोच. चारचौघांत ‘अमक्यांच्या सौभाग्यवती’ असे म्हणण्याची रीत तिथेही होती. पण दप्तरात, खरेदीखतावर, थडग्यावर बाईचे जन्माचे नाव. त्यामुळे एकाच घरात नवऱ्याची आडनावे निराळी, बायकोची निराळी, मुलांची त्याहून निराळी. आपल्याकडच्या तलाठ्याने असे घर पाहिले तर तीन कुटुंबे समजून तीन ओळी लिहील!

बाहेरच्या माणसाची इथे हटकून चूक होते. शेवटचा शब्द म्हणजे घराण्याचे नाव, अशी आपली समजूत. ज्यांना 1982 सालचे नोबेल पारितोषिक मिळाले ते कोलंबियाचे कादंबरीकार गाब्रिएल गार्सिया मार्केझ. कोलंबियातही रीत स्पेनचीच. आपण त्यांना खुशाल ‘मार्केझ’ म्हणतो. पण मार्केझ हे त्यांच्या आईकडचे नाव. शाळेच्या ग्रंथालयात त्यांचे पुस्तक आले तर गुरुजींनी यादीत ते ‘ग’खाली घालावे, ‘म’खाली नव्हे.

‘मग लोर्काला सगळे लोर्का का म्हणतात?’ असे कोणी विचारील. त्याचे कारण अगदी व्यवहारातले आहे. गार्सिया हे स्पेनमधले सर्वांत जास्त आढळणारे आडनाव. आज चौदा लाखांहून अधिक माणसांचे पहिले आडनाव तेच आहे. भर बाजारात ‘अहो गार्सिया’ म्हणून हाक मारली तर किती माना वळतील! अशा वेळी आईकडचे विरळ नाव उपयोगी पडते. 2004 ते 2011 पर्यंत स्पेनचे पंतप्रधान असलेले रोद्रीगेझ सापातेरो यांना लोक सापातेरो म्हणूनच ओळखतात. सापातेरो म्हणजे जोडे शिवणारा. आणि चित्रकार पिकासो? त्याच्या बापाचे आडनाव रुइझ. पिकासो हे आईचे. तरुणपणीच त्याने चित्राखाली बापाचे आडनाव घालणे सोडून दिले.

या सगळ्यावरून असे वाटेल की स्पेनमध्ये मातेचा मान राखण्याची ही फार जुनी चाल असावी. तसे नाही. मूळ चाल आपल्यासारखीच बापाच्या नावाची होती. अकराव्या शतकात, मुसलमान आणि ख्रिस्ती राज्ये स्पेनच्या भूमीवर एकमेकांशी झगडत होती, तेव्हा रोद्रिगो नावाचा एक नामांकित योद्धा होऊन गेला. ‘एल सिद’ या नावाने त्याचे पोवाडे गाइले गेले. तो 1099 साली वारला. त्याच्या आज्याचे नाव लाइन. लाइनचा मुलगा दिएगो, म्हणून तो दिएगो लाइनेझ. दिएगोचा मुलगा रोद्रिगो, म्हणून तो रोद्रिगो दिआझ. रोद्रिगोच्या मुलाचे नाव पुन्हा दिएगो, म्हणून तो दिएगो रोद्रीगेझ. शेवटचा ‘एझ’ म्हणजे ‘चा मुलगा’. तीन पिढ्यांत दुसरे नाव तीनदा बदलले, जसे आपल्याकडे मधले नाव दर पिढीला बदलते. शिवाय बुर्गोस शहराजवळचे बिबार हे त्याचे गाव, म्हणून त्याला ‘दे बिबार’ असेही म्हणत. आपण बिबारकर म्हणू.

फरक पुढे पडला. आपल्याकडे बापाचे नाव मधल्या जागी जिवंत राहिले. स्पेनमध्ये ते गोठले. मध्ययुगाच्या शेवटी शेवटी रोद्रीगेझचा मुलगाही रोद्रीगेझ, नातूही रोद्रीगेझ, मग घरात रोद्रिगो कोणी असो वा नसो. फर्नांदेझ, गोन्सालेझ, सांचेझ, मार्तिनेझ, लोपेझ ही सारी अशीच गोठलेली बापांची नावे.

शेजारच्या पोर्तुगालमध्येही हेच घडले. तिथे ‘झ’च्या जागी ‘स’ लिहितात. फर्नांदिस, रोद्रिगिस, लोपिस, गोम्स, दियश. ही नावे कानांवरून गेल्यासारखी वाटतात ना? गोव्यात 1510 पासून आणि वसईत 1534 पासून पोर्तुगीज अंमल बसला. बाप्तिस्मा घेणाऱ्याला धर्मपित्याचे किंवा पाद्रीबाबांचे आडनाव मिळे. म्हणून गोव्याच्या फर्नांडिस घराण्याचा मूळपुरुष कोणा फर्नांदोचा मुलगा असेल असे मुळीच नाही. तो इथलाच गावकरी असायचा. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा : पोर्तुगीज रीतीत क्रम उलटा असतो. आईचे आडनाव आधी आणि बापाचे शेवटी. तिथे शेवटच्या शब्दाने हाक मारली तर चुकत नाही.

गोव्याचे नाव निघाले आहे तर तिथल्याच एका माणसाचे घर पाहू. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझूस चर्चमध्ये ज्यांचे शव ठेवले आहे ते संत फ्रान्सिस झेवियर काही पोर्तुगीज नव्हते. 1506 साली त्यांचा जन्म झाला तो नाव्हारा नावाच्या, तेव्हा स्वतंत्र असलेल्या लहानशा राज्यात. आज तो स्पेनचा उत्तर भाग आहे. वडिलांचे नाव ह्वान दे हासो. हे विद्वान गृहस्थ राजाच्या दरबारी मोठ्या अधिकारावर होते. आईचे नाव मारिया दे आस्पिल्कुएता. आता गंमत पाहा. फ्रान्सिस झेवियरांच्या नावात झेवियर कुठून आले? ते बापाचे आडनाव नाही आणि आईचेही नाही. हाव्हिएर, म्हणजेच झेवियर, हे एका गढीचे नाव. ती गढी त्यांच्या आईला वारशाने मिळालेली. तिथे ते जन्मले, म्हणून झेवियर. वडील भाऊ मिगेल यांनीही गढीचेच नाव लावले. पण दुसरा भाऊ ह्वान आईच्या घराण्याचे आस्पिल्कुएता हे नाव लावी. सख्खे भाऊ, एका ताटात जेवलेले, आणि आडनावे वेगळी! बापाचे हासो तर या तिघांच्याही नेहमीच्या नावात दिसत नाही.

त्या काळी यात कोणाला काही वावगे वाटत नसे. कॅस्टिलसारख्या प्रांतांत मुलींनाही आईबापांच्या मालमत्तेत वाटा मिळे. जिच्याकडून जमीन आली तिचे नाव लावण्यात कमीपणा कसला? उलट मोठ्या जहागिरींच्या मूळपुरुषाने पुष्कळदा लिहूनच ठेवलेले असे की, जो वारस होईल त्याने माझे आडनाव लावले पाहिजे. म्हणजे नाव जमिनीमागून चालत आले. चित्रकार वेलास्केझ 1599 साली सेविल शहरात जन्मला. त्याचेही जगप्रसिद्ध नाव आईकडचे आहे.

(झेवियर या शब्दाचा अर्थ सांगायचा राहिला. नाव्हाऱ्यात बास्क नावाची एक अतिप्राचीन भाषा बोलतात. तिच्यात ‘एचे’ म्हणजे घर आणि ‘बेर्री’ म्हणजे नवे. ‘एचेबेर्री’चे झिजून झाले हाव्हिएर. आमच्या वसई-भाईंदरकडे नवघर नावाची गावे आहेत, तसेच हे.)

पण दोन्हीकडची नावे जपण्याला एक काळी बाजूही होती, आणि ती झाकून ठेवणे बरे नव्हे. 1449 साली तोलेदो शहरात असा ठराव झाला की ज्यांचे पूर्वज यहुदी होते त्यांना, ते ख्रिस्ती झाले असले तरी, शहरातली अधिकाराची कामे देऊ नयेत. हे लोण पुढे विद्यालये, धर्मसंघ, सरदारांची मंडळे यांच्यात पसरले. कुठे शिरकाव हवा तर ‘रक्त शुद्ध’ असल्याचा पुरावा आणा. त्यासाठी आईबापांची आणि चारही आजाआजींची नावनिशी चौकशीत लागे. अधिकारी गावोगाव जाऊन म्हाताऱ्यांच्या जबान्या घेत. आईचे आडनाव कागदावर यायचे ते अशा वेळी तिच्या मानासाठी नव्हे, तिच्यात खोट सापडते का हे पाहण्यासाठी. हा प्रकार एकोणिसाव्या शतकापर्यंत चालला. जातीच्या दाखल्यावरून माणसाची पारख होताना ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे फोडून सांगायला नको.

आजची ठरीव पद्धत कायद्याने आली. 1870 साली जन्ममृत्यूच्या नोंदींचा कायदा झाला, पुढच्या वर्षापासून सरकारी नोंदवह्या सुरू झाल्या आणि माणसाच्या नावापुढे दोन आडनावे लिहिण्याची शिस्त लागली. 1889 च्या दिवाणी संहितेने औरस मुलाला आईबाप दोघांची आडनावे लावण्याचा हक्क दिला. घरोघर मर्जीने चाललेली चाल कारकुनाच्या लेखणीने पक्की केली. आधी बाप, मग आई. भावाभावांनी वेगवेगळी नावे लावण्याचे दिवस संपले.

मग ज्या मुलाला आईबापच नाहीत, त्याच्या दोन रकान्यांत काय लिहायचे? अनाथालयाच्या दारात सोडलेल्या मुलांना पुष्कळ ठिकाणी एकच आडनाव देत : एक्स्पोसितो. लॅटिन भाषेतून आलेल्या या शब्दाचा अर्थ ‘बाहेर ठेवलेला’. विचार करा, पोर मोठे होई, लग्न करी, त्याला मुले होत, आणि तेच नाव त्यांच्याही कपाळी! 1794 साली राजा चौथा कार्लोस याने फर्मान काढले की अशी मुले औरसच समजावीत आणि त्यांना हिणकस शब्दाने कोणी हाक मारली तर त्याला शिक्षा व्हावी. फर्मान चांगले होते. पण शिवी आडनावातच बसली होती, तिला कोण शिक्षा करणार? 1921 साली हे आडनाव बदलून घेण्याची मुभा मिळाली. काहींनी बदलले. काहींनी ते तसेच ठेवले, आणि आजही स्पेनमध्ये एक्स्पोसितो आडनावाची माणसे आहेत.

अविवाहित आईच्या मुलाला आईचेच आडनाव मिळे. मघाशी ज्यांचे नाव घेतले त्या गार्सिया मार्केझ यांच्या घरात हेच घडले होते. त्यांच्या वडिलांचा जन्म अविवाहित आईच्या पोटी झाला. म्हणून त्यांनी आईचे, अर्खेमिरा गार्सिया हिचे, आडनाव लावले. तेव्हा ‘गार्सिया मार्केझ’ या नावातला बापाचा म्हणून समजला जाणारा अर्धा भागही मुळात एका आजीचा आहे.

आता पुन्हा फुएंते वाकेरोसच्या घराकडे वळू, कारण आईचे नाव टिकते तरी किती, हे तिथे स्पष्ट दिसते. कवीला कोंचा नावाची बहीण होती. तिचे पूर्ण नाव कोंचा गार्सिया लोर्का. तिचे लग्न फर्नांदेझ मोंतेसिनोस आडनावाच्या डॉक्टरशी झाले. मुलांनी बापाचे फर्नांदेझ-मोंतेसिनोस घेतले आणि आईचे पहिले, म्हणजे गार्सिया. लोर्का गेले! विसेंताबाईंचे नाव मुलीच्या नावात होते, नातवंडांच्या नावातून पुसले गेले. कवीच्या भावाच्या मुलींनी ‘गार्सिया-लोर्का’ असे जोडून एकच आडनाव केले, म्हणून त्या शाखेत ते राहिले. आईचे आडनाव दुसऱ्या जागी बसते आणि दुसऱ्या जागेवरचे पुढच्या पिढीत गळते. टिकते ते बापाकडून बापाकडे जाणारे. शिवाय जे ‘आईचे’ म्हणून लिहितात तेही तिला तिच्या बापाकडूनच आलेले. मला विचाराल तर ही पद्धत बाईला तिच्या हयातीत पुरता न्याय देते आणि तिच्या पश्चात अर्धाच.

आपल्या राज्यात 1 मे 2024 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलाच्या नावात आधी त्याचे नाव, मग आईचे, मग बापाचे आणि शेवटी आडनाव असा क्रम सरकारने ठरवला आहे. शिक्षकमंडळींना हे ठाऊक असेलच. इथे आईचे आडनाव येत नाही, तिचे स्वतःचे नाव येते. दोन देशांनी एकाच गोष्टीसाठी काढलेले दोन मार्ग आहेत, आणि दोहोंत काही ना काही सुटतेच.

स्पेनमध्येही हा विषय मिटलेला नव्हता. 1999 च्या कायद्याने आईबापांना एकमताने आईचे आडनाव पहिले लावण्याची परवानगी दिली. तरी ते काही बोलले नाहीत तर बापाचे आधी, हे चालूच राहिले. ते 30 जून 2017 पासून बंद झाले. आता मूल जन्मले की आईबापांनी क्रम स्वतः सांगायचा. न सांगितल्यास किंवा भांडण असल्यास नोंदणी अधिकारी त्यांना तीन दिवसांची मुदत देतो, आणि तरीही जमले नाही तर मुलाचे हित पाहून तोच क्रम ठरवतो. पहिल्या अपत्याला जो क्रम लागला तोच पाठच्या सगळ्या सख्ख्या भावंडांना लागतो. झेवियरच्या गढीत एक भाऊ एका नावाचा आणि दुसरा दुसऱ्या नावाचा असे जे होते, ते आता या नोंदवहीत बसत नाही.