खजिना आणि राखणदार

दरोड्याच्या सिनेमाला फार पैसा लागत नाही. एक निर्जन रस्ता, एक मोटार, रोकड भरलेल्या पेट्या, चार बंदूकधारी आणि त्यांच्यात एखादा फितलेला पोलीस, एवढ्यावर प्रेक्षक दोन तास खुर्चीला खिळून राहतो. बघणाऱ्याची नजर सहसा दरोडेखोरावर असते. खानदेशातल्या खजिन्याच्या लुटी समजून घ्यायच्या तर ती पहारेकऱ्यावर ठेवावी लागते. पहारा कोणाला दिला, त्याला मोबदला काय दिला आणि दिलेला शब्द कधी मोडला, या प्रश्नांची उत्तरं सापडली की लुटीमागचं कारण फार दूर राहत नाही.

या मुलखात सरकारी खजिन्यावर पडलेल्या दोन मोठ्या धाडी प्रसिद्ध आहेत. पहिली नोव्हेंबर १८५७ मध्ये सेंधव्याच्या घाटात, दुसरी १४ एप्रिल १९४४ रोजी चिमठाण्याजवळ. पहिल्या लुटीचा सूत्रधार स्वतः त्या घाटाचा सरकारी राखणदार होता.

खानदेशाचा नकाशा डोळ्यांसमोर आणला की घाटाचं मोल कळतं. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याची रांग, पश्चिमेला सह्याद्री आणि मधून तापी. या काळ्या मातीच्या सखल पट्ट्यात शिरायचं किंवा बाहेर पडायचं तर डोंगरातल्या ठरावीक वाटाच होत्या, आणि त्या भिल्ल नाईकांच्या ताब्यात होत्या. व्यापाऱ्यांचे तांडे घाट चढताना नाईकाला राखणीचे पैसे देत. बदल्यात नाईक आपल्या हद्दीत माल सुखरूप ठेवण्याची हमी घेई. मैदानातल्या गावांतही हाच रिवाज होता. चोरी झाली की गावच्या जागल्याने चोराचा माग काढायचा, पाऊलखुणा शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत नेऊन दाखवायच्या, मग पुढची जबाबदारी त्या गावाची. माग आपल्याच शिवारात संपला तर भरपाई गावाने करायची. वर्दी आणि ठाणं येण्याआधीची ही पोलीस व्यवस्था होती. ती टिकली कारण राखणदाराचा हक्क सगळ्यांनी मान्य केलेला होता.

१८०३ मध्ये होळकरांच्या फौजा खानदेशातून लुटत गेल्या आणि पाठोपाठ भयंकर दुष्काळ पडला. गावं ओस पडली, राखणीचा मोबदला देणारं कोणी उरलं नाही. मैदानात जे भिल्ल जागले होते ते डोंगरात गेले आणि ज्या रस्त्यांची राखण करायची तेच लुटू लागले. पुढे पेंढाऱ्यांनी उरलंसुरलं संपवलं. १८१८ मध्ये मुलूख कंपनी सरकारकडे आला. फेब्रुवारीत थाळनेरच्या किल्ल्यावर झालेल्या कत्तलीने नव्या राज्याची ओळख झाली. कॅप्टन जॉन ब्रिग्ज राजकीय प्रतिनिधी म्हणून आला आणि त्याने धुळ्याला मुख्य ठाणं केलं, कारण पुण्याहून उत्तर हिंदुस्थानात जाणारा रस्ता तिथूनच होता.

ब्रिग्जच्या काळात डोंगरात फौजा पाठवल्या गेल्या, वाटा अडवून धान्य तोडलं गेलं, काही नाईकांना पेन्शनी दिल्या गेल्या. १८१९ मध्ये चिल नाईकाला फाशी झाली. तरी लुटी थांबल्या नाहीत. फौजेतले शिपाई बंदुकीपेक्षा तापाने जास्त मरत.

मग १८२५ मध्ये, एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर असताना, धोरण बदललं. भिल्लांच्या बंदोबस्तासाठी वेगवेगळे अधिकारी नेमले आणि भिल्लांचीच एक पलटण उभारायचं काम जेम्स औट्रम नावाच्या तरुणाकडे सोपवलं. वय २२. त्याचं ठाणं धरणगावला होतं, आजच्या जळगाव जिल्ह्यात. पहिल्यांदा हाताशी अवघी नऊ माणसं आली. औट्रम त्यांच्याबरोबर शिकारीला जाई, त्यांच्यात बसून खाई-पिई आणि त्यांच्याच पहाऱ्यात झोपे. दोन वर्षांत ही पलटण चौक्या सांभाळू लागली. कालपर्यंत ज्यांच्या भीतीने गावकरी सूर्यास्तानंतर बाहेर पडत नसत, त्यांच्याच हाती रस्त्यांची आणि चौक्यांची राखण आली. इंग्रज लेखकांनी या प्रयोगाचे फार गोडवे गायले. त्यात औट्रमच्या धाडसाचा वाटा नक्कीच होता. पण लुटी कमी झाल्या त्या मुख्यतः राखणदाराला पुन्हा मोबदला आणि मान मिळू लागला म्हणून, असं हा सगळा क्रम पाहता म्हणावं लागतं. एक मोठी उणीव मात्र राहिली. पूर्वी जो हक्क होता तो आता साहेबाच्या मर्जीवरची नोकरी झाला.

ही उणीव काय करू शकते, ते खाज्या नाईकाच्या आयुष्यात दिसतं.

इंग्रजी कागदांत त्याचं नाव ‘काजरसिंग’ असं येतं. त्याचा बाप गुमानी नाईक सेंधवा घाटाचा राखणदार होता. त्याच्यामागे खाज्या त्या कामावर आला आणि जवळजवळ वीस वर्षं त्याने घाट सांभाळला. हा घाट साधा नव्हता. माळव्याची अफू, कापूस आणि रोकड मुंबईला जाण्याचा हा राजरस्ता. १८५० च्या सुमारास खाज्याच्या ताब्यातला एक संशयित मारहाणीत मेला. आजच्या भाषेत कोठडीतला मृत्यू. खाज्याला दहा वर्षांची सजा झाली.

एका माणसाचा जीव गेला होता, तेव्हा शिक्षा रास्तच होती. पण त्याच काळात कंपनीच्या राज्यात कबुलीसाठी आणि सारावसुलीसाठी माणसांना छळणं किती सर्रास होतं, ते मद्रास इलाख्यात नेमलेल्या चौकशी आयोगाने १८५५ मध्ये सरकारला छापील अहवालातच सांगितलं. मालाचा शोध लावून दे, चोर हजर कर, कसं ते विचारणार नाही, असा दाब वरून असायचा. गळ्याशी आलं की खालचा माणूस एकटा पडायचा. खाज्याची मुदत पुरी होण्याआधी सुटका झाली आणि १८५७ मध्ये उत्तरेत बंडाचा भडका उडाल्यावर त्याला पुन्हा त्याच घाटावर नेमलं. सरकारला त्याची गरज होती, पण विश्वास दोन्ही बाजूंनी संपलेला होता. थोड्याच दिवसांत खाज्या नोकरी सोडून बंडात उतरलेल्या भीमा नाईक या दुसऱ्या भिल्ल नाईकाला जाऊन मिळाला.

नोव्हेंबरात इंदूरकडून मुंबईला निघालेला खजिना त्यांनी सेंधव्याच्या घाटात गाठला. रक्कम सात लाख रुपये. या वाटेचा प्रत्येक दगड, प्रत्येक ओहळ आणि गाडे कुठे मंदावतात ती प्रत्येक चढण खाज्याच्या पायाखालची होती. वीस वर्षं त्याने हीच वाट लुटारूंपासून राखली होती.

अशी गोष्ट एकट्या खाज्याची असती तर योगायोग म्हणून सोडून देता आली असती. पण त्याच वर्षी सिन्नरकडे भागोजी नाईक उठला. तोही भिल्ल आणि तोही नगरच्या पोलिसांतला जुना अधिकारी. १८५५ मध्ये दंगा आणि पोलिसांना अडथळा केल्याबद्दल त्याला कैद झाली होती. सुटल्यावर वर्तनाचा जामीन मागितला गेला, तेव्हा तो डोंगरात निघून गेला. ऑक्टोबर १८५७ मध्ये नांदूर शिंगोट्याजवळ त्याच्या टोळीशी झालेल्या चकमकीत पोलीस सुपरिटेंडेंट हेन्री मारला गेला. दोन वर्षांनी, नोव्हेंबर १८५९ मध्ये, भागोजी सिन्नर तालुक्यात लढताना पडला. दोन वेगळ्या मुलखांत, एकाच वर्षी, पोलिसांनीच घडवलेली आणि पोलिसांनीच टाकून दिलेली दोन माणसं बंडाच्या आघाडीवर आली.

खाज्याचा शेवट अधिक दारुण आहे. ११ एप्रिल १८५८ रोजी सातपुड्यात अंबापाणी इथे फौजेने भिल्लांना गाठलं. लढाईत साठच्या वर भिल्ल पडले आणि पकडलेल्यांपैकी पन्नासाहून अधिक जणांना तिथल्या तिथे लष्करी न्यायालय भरवून गोळ्या घातल्या. शेकडो बायका कैद झाल्या. खाज्या निसटला, पण १८६० मध्ये त्याच्या विश्वासातल्या एका मकराणी शिपायाने दगा करून त्याला मारलं. भीमा नाईक १८६७ मध्ये सापडला आणि त्याची रवानगी अंदमानला झाली. आज त्याच वाटेवरच्या बिजासन घाटातून मालमोटारी रात्रंदिवस सेंधव्याकडे चढतात. पळासनेरच्या ढाब्यांवर थांबणाऱ्या किती जणांना ही हकीकत ठाऊक असेल?

१८६१ च्या कायद्यानंतर देशभर पोलीस दलाची नवी मांडणी सुरू झाली. धरणगावची भिल्ल पलटणही पुढे जिल्हा पोलिसांत विलीन झाली. जागल्याचं महत्त्व ओसरलं, ठाणेदाराचं वाढलं. कागदोपत्री सगळं नेटकं होतं. गावकऱ्याला मात्र फिर्याद नोंदवायलाही हात ओला करावा लागे. हे इंग्रज सरकारने स्वतःच मान्य केलं. १९०२-०३ मध्ये अँड्र्यू फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखालच्या पोलीस आयोगाने निकाल दिला की पोलीस दल अकार्यक्षम आहे, त्याचं शिक्षण अपुरं आहे आणि लोक त्याला लाचखाऊ व जुलमी समजतात. शिपायाला महिन्याला निदान आठ रुपये तरी द्यावेत, अशी शिफारस आयोगाला करावी लागली. ज्याच्या पहाऱ्यात लाखांचा खजिना जातो त्याचा पगार आठ रुपयांवर नेण्यासाठी आयोग बसवावा लागतो, यात लाचखोरीचं निम्मं कारण येऊन गेलं.

१९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. एकाचं ठाणं जळगाव, दुसऱ्याचं धुळे. पुढे स्वातंत्र्यलढा इथेही पोचला. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ मध्ये विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. १९३६ मध्ये फैजपूरला खेड्यात भरलेलं पहिलं काँग्रेस अधिवेशन झालं. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारला शिरीषकुमार पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडला. पोरसवदा मुलावर झाडलेल्या त्या गोळ्यांनी पोलीस कोणाचे राखणदार आहेत, हा प्रश्न खानदेशापुरता निकालात काढला.

अमळनेर तालुक्यातल्या डांगरीचे डॉ. उत्तमराव पाटील आणि त्यांच्या पत्नी लीलाताई हे १९४२ च्या ‘चले जाव’ चळवळीतले आघाडीचे कार्यकर्ते. उत्तमरावांचा साताऱ्याच्या प्रतिसरकारशी संबंध जुळला. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली चाललेल्या त्या प्रतिसरकारने साताऱ्यात आधी दरोडेखोरांच्या टोळ्यांचा बंदोबस्त हाती घेतला होता. भूमिगतांचा ठावठिकाणा कळवणाऱ्या गुंडांकडे पोलीस कानाडोळा करतात, ही लोकांची तक्रार होती. ठाण्यावर न्याय मिळत नाही म्हणून लोक प्रतिसरकारच्या न्यायदानाकडे वळले. राखणदाराची खरी जागा तिथे भूमिगतांनी घेतली होती.

पण चळवळ चालवायला पैसा हवा. ७ जून १९४३ रोजी प्रतिसरकारच्या तुफान सेनेने शेणोलीजवळ रेल्वे अडवून पगाराची रक्कम काढून घेतली. ती काही हजारांतच होती. मग नजर वळली धुळ्याकडे. धुळ्याच्या खजिन्यातून नंदुरबारला जाणारी रोकड मोटारीने पोलीस पहाऱ्यात जाई. रस्ता सोनगीर, चिमठाणे, दोंडाईचा असा.

एप्रिलच्या मध्यावर या भागात ऊन डोळ्यांना सोसवत नाही. बुराई नदीचं पात्र कोरडं पडलेलं, शेतं मोकळी. दूरवर लपायला झाड मिळत नाही. घाटात खाज्या नाईकाला जी आडोशाची सोय होती, ती इथे अजिबात नव्हती. १४ एप्रिल १९४४ रोजी अशा उघड्या रानात जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी, उत्तमराव पाटील आणि त्यांच्या साथीदारांनी मोटार अडवली, पहाऱ्यावरच्या पोलिसांवर मात केली आणि साडेपाच लाखांचा खजिना ताब्यात घेतला. १९२५ च्या काकोरी प्रकरणात क्रांतिकारकांच्या हाती काही हजार रुपये आले होते, हे लक्षात घेतलं म्हणजे चिमठाण्याचा आवाका कळतो. भर उन्हात, परक्या मुलखात साताऱ्याची माणसं एवढं ओझं घेऊन निसटू शकली, ती गावोगावी दार उघडणारी माणसं होती म्हणून. पोलिसांना खबर देणाऱ्याला बक्षिसाची आशा होती आणि आसरा देणाऱ्याला तुरुंगाची खात्री. तरीही दारं उघडली गेली.

या दोन घटनांना ‘दरोडा’ म्हणावं का, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. सरकारी फिर्यादीत तोच शब्द असणार. पण खाज्या नाईक आणि चिमठाण्याची मंडळी यांच्याबाबत आपण वागतो ते सारखं नाही. चिमठाण्याला क्रांतिस्मारक उभं राहिलं, दरवर्षी तिथे फुलं वाहिली जातात, आणि ते योग्यच आहे. खाज्याची हकीकत मात्र अजून बरीचशी त्याला पकडू पाहणाऱ्यांच्या कागदांवरून सांगावी लागते. १८८० च्या खानदेश गॅझेटिअरमध्ये तो आहे, पण गुन्हेगार म्हणून. शिरपूर आणि चोपडा तालुक्यांतल्या पाड्यांवर त्याची गाणी आणि आठवणी म्हातारी माणसं अजून सांगतात. चिमठाण्याच्या लुटीनंतर ज्या घरांनी भूमिगतांना भाकरी दिली, तिथेही कोणी नातू-पणतू असतील. धुळ्याला इतिहासाचार्य राजवाड्यांच्या नावाचं संशोधन मंडळ आहे. खानदेशातल्या वाचकांपैकी ज्यांच्या घरी अशी आठवण, पत्र किंवा जुना फोटो असेल त्यांनी ते लिहून किंवा नक्कल काढून तिथे पोचवावं, आणि हे काम याच वर्षी करावं.