सांधेवाल्याचं कुळ

जालना स्टेशनावर परतूरकडे जाणाऱ्या गाडीची वाट बघत मी लॅपटॉपवर लिनक्सच्या कर्नेलमधला एक बदल तपासत होतो. नेटवर्क स्विचच्या ड्रायव्हरला आतून ज्या सूचना जातात, त्यांना त्याने काय उत्तर द्यायचं, एवढाच त्याचा विषय. समोरचे रूळ सरकले, खट् आवाज झाला. बाकावर शेजारी बसलेले बाबा म्हणाले, "सांधा बदलला." इंग्रजीत सांधाही 'स्विच'च; मी बदल सोडून त्या शब्दामागे लागलो.

'स्विच' म्हणजे मुळात लवचीक छडी. सोळाव्या शतकात ती घोडेस्वाराच्या हातात असे. सांध्यावरचा निमुळता, इकडून तिकडे हलणारा रूळ छडीसारखाच दिसतो. रेल्वेने नाव उचललं ते यावरूनच, असं माझं मत. इंग्रज मात्र त्याला 'पॉइंट्स' म्हणतात. निजामाच्या राज्यातून 1900 च्या सुमारास मनमाडहून जालन्यामार्गे हैदराबादकडे मीटरगेज गेली, तीही त्यांच्याच पद्धतीची. मराठीने दोन्ही शब्द बाजूला ठेवून 'सांधा' म्हटलं आणि तो फिरवणारा झाला सांधेवाला. घरातल्या दिव्याचा मात्र 'खटका'. इंग्रजीने रूप पाहिलं. आपण एकदा काम पाहिलं, एकदा आवाज ऐकला.

जाणकार म्हणतात, नेटवर्कचा स्विच टेलिफोन एक्स्चेंजवरून आला. आल्मन स्ट्रोजर हा अंत्यविधीचा व्यवसाय करणारा अमेरिकी माणूस. ऑपरेटर आपली गिऱ्हाइकं प्रतिस्पर्ध्याकडे वळवते, या संशयातून त्याने आपोआप जोडणी करणारा स्विच बनवला, अशी कथा आहे. पेटंट 1891 चं. मान्य. पण गिऱ्हाईक काय, गाडी काय, वळवणं हे सांध्याचंच काम! शिवाय टेलिफोनच्या आधी तारयंत्र होतं आणि तारा रुळांच्या कडेनेच गेल्या होत्या. तार मारणारा आणि सांधे सांभाळणारा एकाच स्टेशनात. शब्द तिथेच या टेबलावरून त्या टेबलावर गेला असणार.

दुसरा पक्ष जड आहे. तो म्हणतो, नेटवर्कचं हे यंत्र स्विच नव्हेच, 'ब्रिज' आहे. 1990 साली 'कल्पना' नावाच्या कंपनीने पहिला इथरनेट स्विच बाजारात आणला. विनोद भारद्वाज हे तिचे एक संस्थापक आणि कंपनीचं नाव त्यांच्या पत्नीचं. यंत्राचं आतलं काम ब्रिजचंच होतं. लिनक्समध्ये आजही दोघे नांदतात: ब्रिज पत्ते शिकतो आणि 2014 साली आलेल्या 'स्विचडेव्ह' या जोडणीतून ते ड्रायव्हरला कळवतो. म्हणजे पूल सांध्याला निरोप धाडतो!

निरोपाची तऱ्हा पाहिली की मला रेल्वेच दिसते. एकेरी मार्गावर स्टेशन मास्तर पुढच्या स्टेशनाकडून 'लाइन क्लिअर' मिळाल्याशिवाय गाडी सोडत नाही. कर्नेलमध्ये सूचना ऐकणाऱ्यांच्या साखळीतल्या एकेकाकडे जाते. उत्तरं चार: 'माझा संबंध नाही'; 'चालेल'; 'चालेल, पण पुढे विचारू नका'; 'मुळीच नाही'. शेवटच्या दोन उत्तरांनी साखळी तिथेच तुटते. रेल्वेत विचारतात ते एकट्या शेजाऱ्याला, इथे अख्ख्या गावाला; साम्य इथे लंगडतं, हे खरं.

म्हणूनच तपासताना पहिली नजर नकारावर. ड्रायव्हर परक्या पोर्टसाठी 'नाही' म्हणाला, तर परतूरला निघालेली गाडी उलट दिशेच्या बदनापूरने अडवल्यासारखं होतं. दुसरी नजर वेळेवर. काही सूचना अशा क्षणी येतात की ड्रायव्हरला थांबून राहता येत नाही. त्याने निरोप टिपून ठेवायचा, काम मागाहून उरकायचं. थांबायची मुभा असलेली वेगळी साखळी 2018 साली आली.

माझ्यापुढच्या बदलात पहिलीच चूक निघाली. 'पोर्ट आपला आहे का ते आधी बघा, मग नकार द्या,' असा शेरा लिहून लॅपटॉप मिटला आणि बाबांना विचारलं, "रेल्वेत होतात का?"

"नाही हो, जन्मभर शेती केली," ते गुडघा चोळत म्हणाले. "पण सांध्यांचं आम्हाला नका विचारू."