एका दिवसाची सहल, दहा दिवसांची वाट

आपल्या जिल्ह्यातल्या सहलीची मला माहीत असलेली सर्वांत जुनी गोष्ट साधारण अकराव्या शतकातली आहे. कनकामर नावाच्या जैन मुनींनी अपभ्रंश भाषेत ‘करकंडचरिउ’ हे काव्य रचले. त्यातला करकंड राजा स्वारीवर निघालेला असताना तेरापूरजवळ मुक्काम करतो. तिथला राजा शिव त्याच्या भेटीला येतो आणि सांगतो, जवळच्या डोंगरात एक जुने लेणे आहे, वर एक वारूळ आहे आणि एक हत्ती रोज पाणी आणि कमळ घेऊन त्या वारुळाची पूजा करून जातो. एवढे ऐकल्यावर कोण थांबेल? करकंड जातो, बघतो, वारूळ खणायला लावतो आणि आतून पार्श्वनाथाची मूर्ती निघते. पुढे तो तिथे आणखी लेणी कोरून घेतो. हिरालाल जैन यांनी 1934 साली हे काव्य संपादित करून छापले, तेव्हा तेरापूर म्हणजे आपले तेर आणि ती लेणी म्हणजे आपली धाराशिवची लेणी, असा मेळ घातला गेला. लेणी मुळात बौद्ध आणि नंतर जैनांकडे आली, असे बरेच अभ्यासक मानतात.

गावापासून जवळचे ठिकाण, वाट सांगणारा स्थानिक माणूस, जाऊन पाहून परत येणे. एकदिवसीय सहलीला आणखी काय लागते! शिव राजा चांगला गाइड होता, कारण लेणे कुणी कोरले यापेक्षा लोकांना हत्ती ऐकायला आवडतो हे त्याला पक्के कळले होते.

आपल्या शाळेच्या सहलीही याच वळणावर चालत. लाल डबा, डब्यात धपाटे आणि शेंगाचटणी, पुढच्या सीटवर बाई, मागच्या सीटवर उलटी होणारी मंडळी. मुख्य मार्ग ठरलेला: तुळजापूर आणि नळदुर्ग. एकदा परंडा. 1993 साली, आपण सातवीत असताना, 30 सप्टेंबरच्या भूकंपानंतर सहलीचे नाव कुणी काढले नाही.

नळदुर्ग मला तेव्हाही आवडला आणि इंजिनिअर झाल्यावर जास्त आवडला. बोरी नदीवर किल्ला आणि रणमंडळ यांच्यामध्ये बांध घालून त्या बांधाच्याच पोटात महाल बसवला आहे. पावसाळ्यात नर आणि मादी या दोन सांडव्यांवरून पाणी कोसळते आणि आत पाणीमहालात आपण कोरडे उभे राहून समोर पाण्याचा पडदा बघतो. इब्राहिम आदिलशाह दुसरा याच्या काळात, 1613 साली, हे काम झाले. तिथला फारसी शिलालेख बांधणाऱ्याचे नाव मीर इमादीन असे देतो. गाइड मात्र हे नाव क्वचित घेतात. राजा, राणी आणि शत्रू एवढ्यावर त्यांची गोष्ट भागते. परंड्याचेही तसेच. तिथली सगळ्यांत प्रसिद्ध वस्तू तिथे नाहीच. 1549 मध्ये अहमदनगरला ओतलेली मलिक-ए-मैदान ही सुमारे 55 टनांची तोफ परंड्यावर होती, ती 1632 मध्ये विजापूरला नेली गेली. परंड्याला आपण ती ऐकून आलो आणि बघायची असेल तर विजापूरला जा, असे सरांनी हसत सांगितले.

आणि तेर? तिथे बस थांबली ती गोरोबाकाकांच्या समाधीच्या दर्शनापुरती. प्रसाद, हजेरी, पुन्हा बस.

यात शाळेचा दोष काढायचा नाही. तेरला बुरूज नाही, तोफ नाही, धबधबा नाही. चाळीस पोरांना दाखवायला पांढऱ्या मातीची टेकाडे आहेत. पण जिल्ह्याच्या सगळ्या इतिहासात जगाला ठाऊक झालेले पहिले गाव तेच आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने समुद्रमार्गांची माहिती देणारे ‘पेरिप्लस’ लिहिले. त्यात भडोचहून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि पैठणपासून दहा दिवसांवर तगर हे फार मोठे शहर असल्याचे तो नोंदवतो. धड रस्ता नसलेल्या मुलखातून माल गाड्यांवर लादून भडोचला येई. पैठणहून अकीकाचे खडे, तगरहून साधे कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल.

मी सवयीने हे आकडे तपासले. भडोच ते पैठण सरळ रेषेत सुमारे 350 किलोमीटर, म्हणजे वीस दिवसांत रोज साडेसतरा. पैठण ते तेर सुमारे 150, म्हणजे दहा दिवसांत रोज पंधरा. बैलगाडी, वाटेतले नाले आणि घाट धरले तर दोन्ही आकडे एकमेकांना ओळखतात. दिशा त्याने ढोबळ दिल्या आहेत: पैठण दक्षिणेला, तगर पूर्वेला. प्रत्यक्षात दोन्ही आग्नेयेला आहेत. पण अंतर सांगणारा माणूस गाडीवानाशी बोललेला होता, एवढे नक्की.

तरीही तगर कुठले, यावर एकोणिसाव्या शतकात पंडितांत बरीच वर्षे वाद चालला. जुन्नर, दौलताबाद, कोल्हापूर अशी नावे पुढे येत होती. तगरपूरचे अधिपती म्हणवणारे शिलाहार राजे तर दूर कोकण-कोल्हापुरात राज्य करत होते. 1901 मध्ये जे. एफ. फ्लीट यांनी तगर म्हणजे तेर असे मांडले आणि पाठोपाठ पुरातत्त्व खात्याचे हेन्री कझिन्स गावात येऊन पाहून गेले. त्यांचा वृत्तांत खात्याच्या 1902-03 च्या अहवालात आहे. आपण ज्याला त्रिविक्रमाचे देऊळ म्हणतो, त्याचा मागचा भाग हत्तीच्या पाठीसारखा गोल आहे. तो मूळचा विटांचा बौद्ध चैत्य, पुढे मंडप जोडून त्याचे देऊळ झाले, हे कझिन्स यांनी ओळखले. शेकडो वर्षे एकाच छताखाली पूजा चालू आहे, फक्त देव बदलला. म्हणूनच ती इमारत टिकली.

तेरच्या जुन्या विटा पाण्यावर तरंगतात, असे गावकरी अभिमानाने सांगतात. मातीत भाताचे तूस घातले की भाजताना ते जळून जाते आणि वीट सच्छिद्र, हलकी होते. लहानपणी यात चमत्कार वाटायचा. 1993 नंतर मात्र हलकी वीट म्हटली की मला सास्तूर आणि किल्लारीच्या जाड दगडमातीच्या भिंती आठवतात. माणसे त्या वजनाखाली गेली.

आता पांढरीबद्दल. आपल्याकडे शेती काळीत आणि गाव पांढरीत, असे म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्यांची राख, पडलेल्या भिंती, शेण आणि खापर साचून वस्तीची जमीन पांढरी होते. तेरची टेकाडे म्हणजे अशी दोन हजार वर्षांची पांढर. पण घर बांधायला, सारवायला माती लागली की कुदळ तिथेच चालायची. त्या मातीबरोबर शहर टोपल्या-टोपल्यांनी निघून चालले होते.

ते थोपवायला सरकारच्या आधी गावातला एक माणूस पुढे आला. रामलिंगप्पा लामतुरे. पावसाने उघड्या पडलेल्या, नांगराला लागलेल्या, पोरांनी वेचलेल्या वस्तू ते जमवत राहिले: नाणी, मणी, खापरे, बारीक पांढऱ्या मातीच्या मूर्ती. हजारो वस्तू. तो संग्रह आज त्यांच्या नावाच्या शासकीय संग्रहालयात आहे. 1958 पासून चापेकर आणि पुढच्या संशोधकांनी शास्त्रशुद्ध उत्खनने केली, त्यांचे मोल वेगळेच. पण खणणारे येण्याआधी वस्तू गावाबाहेर गेल्या असत्या तर त्या परत आल्या नसत्या. माझ्या धंद्यात आम्ही बॅकअपसाठी पगारी माणसे ठेवतो. इथे ते काम एका गावकऱ्याने स्वतःहून केले.

त्या संग्रहात हस्तिदंताची एक छोटी स्त्रीमूर्ती आहे. तशाच घडणीची मूर्ती 1938 मध्ये इटलीत पाँपेई इथे सापडली. पाँपेई इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेले, म्हणजे त्याआधी ती तिथे पोहोचलेली होती. ती तेरमध्येच घडली, असे मी म्हणणार नाही. भोकरदनलाही तशी मूर्ती सापडली आहे. पण दोन्ही मूर्ती एका परंपरेतल्या आहेत, हे इंजिनिअरिंगच्या डोळ्यांनाही कळते.

संत गोरोबाकाका याच गावचे कुंभार. थापटण्याने संतांची डोकी ठोकून कोणते मडके कच्चे, हे त्यांनी सांगितल्याची गोष्ट आपल्याला पाठ आहे. जिथे पाऊल टाकावे तिथे खापर लागते त्या गावचा संत कुंभार असावा, यात मला तरी नवल वाटत नाही.

आज पुण्या-सोलापुराहून निघणाऱ्या ज्या एकदिवसीय सहली मी पाहिल्या त्यांत तुळजापूर असते, नळदुर्ग असतो, अक्कलकोट असते. तेर सहसा नसते. मी एका सहल कंपनीला कारण विचारले. उत्तर आले, ‘मॅडम, तिथे दाखवायला पंधरा मिनिटांचे आहे.’ वाट दाखवणारा नसेल तर खरेच पंधरा मिनिटांचे आहे. गावातल्या दोन-चार तरुणांना नीट शिकवले आणि रोजाचे पैसे दिले, तर अर्धा दिवस पुरणार नाही. त्यांना पाठ करायला राजाराणी लागणार नाही. एक वीट, एक बादली पाणी आणि गाडीवानाच्या दहा दिवसांचा हिशेब पुरे आहे.

मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशीच्या सहलीसाठी समितीने तेरला पाऊण तास ठेवला आहे. समितीतल्या मित्रांनो, नळदुर्ग आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे आणि या दिवसांत नर-मादी कोरडे असतात. सकाळी सातला धाराशिवहून निघालो तर आठच्या आत तेर. आधी संग्रहालय, मग त्रिविक्रम, उत्तरेश्वर, मग उन्हाआधी पांढरीवर एक चक्कर, शेवटी काकांचे दर्शन. संग्रहालयाची सुटी कुणीतरी आधी फोन करून विचारून घ्या. सरांना टेकाडावर चढायला त्रास होईल, त्यांच्यासाठी खाली सावलीत खुर्च्या लागतील. आणि खापराचा तुकडा दिसला तर बघून जागेवरच ठेवायचा, हे मुलांना बसमध्येच सांगून ठेवू.