ब्लॅक सेल: मेंढपाळाच्या खोपटात एक रात्र

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, की इंग्लंडमधल्या त्या दगडी झोपडीचा उल्लेख करून तू पुढे का गेलास? तर आजचा भाग तिच्यावरच. ऐकायला वेळ नसलेल्यांसाठी नेहमीप्रमाणे लिहूनही देतोय.

प्रोजेक्टच्या निमित्ताने मी सहा महिने मँचेस्टरला होतो. एका शनिवारी लेक डिस्ट्रिक्टमधल्या बटरमिअरहून स्कार्थ गॅपची खिंड चढून पलीकडे एनरडेल नावाच्या दरीत उतरलो. दरीच्या अगदी टोकाला, ग्रेट गेबल आणि पिलर या डोंगरांच्या कुशीत, एक बैठं घर. दगडी भिंती, पाटीच्या दगडाचं छप्पर, आत पंधरा-सोळा जण झोपतील एवढे बंकबेड. ट्रेकर्सना गाडी घेऊन इथपर्यंत येता येत नाही, चालतच यावं लागतं. याचं नाव ब्लॅक सेल हट. हे आज यूथ हॉस्टेल आहे, पण मूळचं मेंढपाळाचं खोपटं. आपल्याकडे सह्याद्रीत धनगराचा झाप असतो ना, साधारण त्याच नात्यातलं.

आता प्रश्न असा, की मेंढपाळाचं घर आमच्यासारख्या वीकएंडवाल्यांच्या हाती कसं आलं? माझी समजूत अशी होती, की जुनी वास्तू होती, कुणीतरी जपली, छान झालं. गोष्ट तेवढी सरळ नाही.

थोडं मागे जाऊ. लँकशायरमधल्या कापड गिरण्यांच्या गावांत वर्षातून एकदा सगळ्या गिरण्या एकदम बंद व्हायच्या. याला वेक्स वीक म्हणत. सुट्टी मिळायची, पण त्या दिवसांचा पगार नाही. कामगार वर्षभर थोडे थोडे पैसे बाजूला टाकायचे आणि आठवड्यात ब्लॅकपूलला जाऊन उडवायचे. कोल्न गावचे पाद्री टी. ए. लेनर्ड यांना हे पटेना. 1891 मध्ये ते आपल्या चर्चमधल्या मंडळींना घेऊन लेक डिस्ट्रिक्टमधल्या अँबलसाइडला गेले, डोंगर चालायला. त्यातून सहकारी तत्त्वावर सुट्ट्या काढणारी संस्था उभी राहिली. कामगाराला परवडेल अशी डोंगरातली सुट्टी ही कल्पना तिथे रुजली.

तिकडे जर्मनीत रिचर्ड शिरमान या शाळामास्तरांनी आल्टेनाच्या किल्ल्यात 1912 मध्ये कायमस्वरूपी यूथ हॉस्टेल सुरू केलं. ते लोण 1930 मध्ये इंग्लंडला पोचलं. रात्रीचं भाडं एक शिलिंग. चालत किंवा सायकलवर या, मोटार चालणार नाही. सकाळी निघण्याआधी झाडलोट नाहीतर भांडी, एक काम करायचंच. (आपल्याकडच्या यूथ हॉस्टेल्स असोसिएशनबरोबर ज्यांनी पहिला हिमालयन ट्रेक केलाय, त्यांना हा खाक्या ओळखीचा वाटेल. हे त्याच घराण्यातलं.) सुरुवातीच्या काळात नव्या इमारती बांधायला पैसे कुठले? जी पडकी-रिकामी घरं मिळाली, ती घेतली. 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला त्यातच ब्लॅक सेलचं खोपटं आलं.

पण ते रिकामं का होतं? मला इथे खरी गंमत, म्हणजे खरं दुखणं सापडलं.

पहिल्या महायुद्धात ब्रिटनला लाकूड कमी पडलं. म्हणून 1919 मध्ये सरकारी फॉरेस्ट्री कमिशन स्थापन झालं. 1920 च्या दशकात त्यांनी एनरडेल विकत घेतलं, कुंपणं घातली, स्प्रूसच्या रांगाच्या रांगा लावल्या. सुमारे दोन हजार मेंढ्या दरीतून गेल्या. मेंढ्याच नाहीत तर मेंढपाळाचं खोपटं कशाला हवं?

या मेंढ्या हर्डविक जातीच्या. कोकरू जन्मतः काळं, मोठं होता होता राखाडी होतं. डोंगरावर कुंपण नसलं तरी प्रत्येक कळप आपल्याच पट्ट्यात चरतो. ती हद्द कोकराला आईकडून कळते, पिढ्यान्‌पिढ्या. आमच्या भाषेत सांगायचं तर डॉक्युमेंटेशन शून्य, सगळं ज्ञान टीमच्या डोक्यात. कळप एकदा हलवला, की बाहेरून नवीन मेंढ्या आणून ते परत बसवणं महाकठीण.

आणि विरोध कुणी केला? मेंढपाळांचा आवाज फार लांब पोचला नाही. आवाज चढवला तो चालणाऱ्यांनी. लिव्हरपूलचे शिक्षक आणि पाद्री एच. एच. सिमंड्स यांनी या लागवडीविरुद्ध पुस्तकच लिहिलं. 1936 मध्ये समझोता झाला: लेक डिस्ट्रिक्टच्या मधल्या सुमारे 300 चौरस मैलांत कमिशन झाडं लावणार नाही. एनरडेलची लागवड मात्र आधीच झाली होती. म्हणजे बघा, ज्या लागवडीविरुद्ध चालणारे भांडत होते, तिनेच रिकाम्या केलेल्या खोपट्यात ते रात्री मुक्कामाला होते. मी त्यांना ढोंगी म्हणणार नाही. त्याच काळात, 1932 मध्ये, किंडर स्काउट डोंगरावर नुसतं चालायला गेलेल्या टोळक्यातल्या पाच जणांना तुरुंगात टाकलं होतं. त्यांच्याही पायाखाली जमीन कुठे होती?

तरी तोरण्याहून राजगडला जाताना झापात प्यायलेलं ताक मला त्या रात्री आठवत राहिलं. तिथे ताक देणारी मावशी अजून घरात आहे, एवढाच फरक.

2003 पासून एनरडेलमध्ये वेगळा प्रयोग चालू आहे. सरळ रांगांतले स्प्रूस कमी करायचे, लिझा नदीला हवं तसं वाहू द्यायचं, काळी गॅलोवे गुरं झाडांमध्ये मोकळी सोडायची. दरी पुन्हा जंगली करायची म्हणे. मेंढपाळाच्या काळातली नव्हे, त्याच्याही आधीची.

सकाळी माझ्या वाट्याला भांडी आली. घासली, सॅक पाठीवर टाकली आणि खिंड चढून गेट्सगार्थकडे उतरलो. तिथे वाटेत हर्डविकचा कळप आडवा बसलेला. एकही उठली नाही. मीच वळसा घालून गेलो.

चला, पुढच्या भागात भेटू!